पापडाची परीक्षा

"आठ कोअरचा प्रोसेसर म्हणजे रॉकेट, आजी! त्रेचाळीस हजार फक्त," दुकानदार लॅपटॉप उघडत म्हणाला.

आमच्याकडे होते पस्तीस. तेवढ्या पैशांत चार कोअरचा येत होता, पण त्यावर आमच्या नातीचं, मुक्ताचं, ॲनिमेशन गोगलगाईच्या चालीनं चाललं असतं. पोरीचा चेहरा पडला.

आमच्या हिनं पिशवीतून उडदाचा पापड काढला, त्या आठवाल्याखाली सरकवला आणि वर पदर पसरून स्वस्थ बसली. "थांबा हो, तापतो किती ते बघू दे."

पाच मिनिटांनी पदराखालून पापड निघाला तो चांगला खरपूस भाजलेला! खोटं सांगत असेन तर माझी कवळी गळून पडो. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं भोवती जमली. "अहो, आमच्याही लॅपटॉपखाली ठेवून बघा ना," एक बाई म्हणाल्या. एक गृहस्थ तर दिलेली ऑर्डर रद्द करायला निघाले.

दुकानदाराला घाम फुटला. त्यानं पापड हिसकावून घेतला, कडाकडा खाऊन टाकला आणि हिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "आजी, पस्तीसला न्या, पण आत्ताच्या आत्ता निघा!"

रस्त्यात मुक्ता रडवेली झाली. "आजी, हा पेटला तर गं?"

हिनं पिशवीतून कच्चा पापड काढून तिच्या हातावर ठेवला. "लॅपटॉपखाली हा होता. हात लावून बघ, गारच्या गार! भाजलेला मी घरूनच आणला होता. त्या मेल्यानं घाईघाईत पुरावाच खाल्ला!"