या घरात मिकमाक बोलतात

"आई, चारच वाक्यं गं! बोलून टाक ना एकदाची!"

"मला नाही येत," माडलेन म्हातारी म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

तिची लेक अँजेलिक कॅनडातल्या मिकमाक आदिवासींच्या वस्तीत भाषा केंद्राची मुख्य. आपली मिकमाक भाषा जगली की घरं सुखी होतील, पोरं मार्गाला लागतील, असं ती सभेसभेत सांगायची. इंग्रजीत. भाषेच्या नावाने चहाचे मग निघाले, टोप्या निघाल्या, गेल्या वर्षी तर मोजेसुद्धा. आता घरोघरी पाट्या लागणार होत्या: 'या घरात मिकमाक बोलतात'. घरातल्या कुणीतरी चार वाक्यं बोलायची, मगच खिळा ठोकायचा. नियम अँजेलिकनेच केलेला. पहिला मान अँजेलिकबाईंच्याच घराचा, म्हणून समितीचे पिएलदादा हातोडी घेऊन दारात हजर.

बाईंना स्वतःला यायचे ते आकडे, रंग आणि 'स्वागत आहे'. लहानपणी आईला सरकारी वसतिशाळेत या भाषेपायी मार बसलेला. त्यातच ती सगळं विसरली, असं घरात धरून चाललेलं. आईने आपल्याला आपल्या भाषेत कधी एक हाकसुद्धा मारली नाही, हे आठवून अँजेलिक एकटी असली की रडायची.

पिएलदादा आत यायला निघाले, तर उंबऱ्यात मुइन आडवा. अस्वलाएवढा कुत्रा! अँजेलिकने इंग्रजीत दटावलं. तो हलेना. मग तिने वर्गात शिकलेल्या मिकमाकमध्ये विनवलं. मुइनने जांभई दिली.

"स्वागत आहे म्हणून बघ," पिएलदादा म्हणाले.

म्हातारीने किटली आदळली आणि अस्सल मिकमाकमध्ये तोंडाचा पट्टा सोडला. "ऊठ मेल्या! माणसं खोळंबलीत दिसत नाही? आत्ताच अख्खा ईल मासा गिळलास ना? जा, चुलीमागे पड. आणि माझ्या टोपलीला तोंड लावलंस तर याद राख!"

मुइन मुकाट उठला. टोपलीला वळसा घालून चुलीमागे जाऊन पडला.

"चार कसली, पाच-सहा झाली," पिएलदादा पुटपुटले.

अँजेलिकला रडू फुटलं. "कुत्र्याशी बोलतेस? आणि माझ्याशी चाळीस वर्षांत एक शब्द नाही?"

म्हातारीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"त्याला थोडंच शाळेत पाठवायचं होतं, बाळा."