भीती संपल्याची बातमी

"कुणाला काही शंका?" विभागप्रमुख विचियेन, सगळ्यांचे 'आचान' म्हणजे गुरुजी, यांनी विचारलं आणि पडद्यावरच्या शेवटच्या तक्त्याकडे कौतुकाने पाहिलं. दहातली आठ माणसं आता वरिष्ठांची चूक त्यांच्या तोंडावर सांगतात, असं तो तक्ता म्हणत होता. थायलंडातून वरिष्ठांची भीती हद्दपार झाली होती आणि हा शोध विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाने लावला होता.

शंका कुणालाच नव्हती. लांब टेबलाभोवती सगळे पदाप्रमाणे, वयाप्रमाणे बसले होते. उशिरा आलेला एक व्याख्याता आचानांच्या समोरून जाताना इतका वाकला, की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. मधोमध नारळाच्या वड्यांचं ताट होतं. आचानांनी पहिली वडी उचलल्याशिवाय कुणी हात लावत नसे, आणि आचानांना मधुमेह होता. त्यामुळे प्रत्येक बैठकीला वड्या येत आणि प्रत्येक बैठकीनंतर ताट भरलेलंच परत जाई.

टेबलाच्या पार टोकाला सायफिन बसली होती. ती कराराने नेमलेली व्याख्याती. करार या महिन्यात संपत होता आणि पुढच्या करारावर सही आचानांचीच लागणार होती.

तक्ते तिनेच तपासले होते. प्रश्नावलीत एक म्हणजे पूर्ण मान्य आणि पाच म्हणजे मुळीच नाही, असं स्वच्छ छापलं होतं. आचानांनी नेमकं उलट धरलं. 'तोंडावर सांगायची माझी छाती नाही' असं ज्यांनी कळवलं होतं, ते सगळे अभ्यासात शूरवीर होऊन बसले. हे अख्ख्या विभागाला ठाऊक होतं. उपाहारगृहात कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर खाताना या शूरवीरांवर रोज हशा पिकायचा.

"पी नित, कुणीतरी सांगायला हवं ना त्यांना," सायफिन शेजारच्या खोलीतल्या थोरल्या सहकारी नितबाईंना म्हणाली होती. वयाने मोठ्या म्हणून सगळे त्यांना 'पी', म्हणजे ताई, म्हणत.

"सांगू की गं! ते निवृत्त झाले की दुसऱ्याच दिवशी सांगू," पी नित म्हणाल्या होत्या.

आज मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. "तेव्हा," आचान म्हणाले, "आपल्या दाराशी जी निनावी तक्रारींची पेटी आहे ती काढून टाकू या. लोक तोंडावर बोलतात, मग चिठ्ठ्यांची लपवाछपवी हवी कशाला?"

त्या पेटीत गेल्या वर्षी सायफिनच्या वर्गातल्या एका मुलीने चिठ्ठी टाकली होती. म्हणून तर तिला घरी बोलावून त्रास देणारा एक मास्तर घरी बसला. तोंडावर बोलायची वेळ आली असती, तर त्या पोरीने शिक्षणच सोडलं असतं.

सायफिन उठली. तिने हात जोडले. "माफ करा, आचान. आकडे उलटे वाचले गेलेत. लोक अजून घाबरतात. पेटी काढू नका."

शेजारी बसलेल्या पी नितनी टेबलाखाली तिचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

आचान रागावले नाहीत. ते हसले. आमच्याकडे वरिष्ठ असे हसले, की शहाणी माणसं घरी जाऊन सामान बांधायला घेतात.

"पोरी, संशोधनात पुरावा लागतो. आत्ताच घेऊ." ते सगळ्यांकडे वळले. "माझी भीती ज्याला वाटते, त्याने हात वर करा बघू. अगदी बिनधास्त."

एकही हात हलला नाही. उपप्रमुखांचा हात कान खाजवायला वर गेला होता, तो त्यांनी घाईघाईने खाली घेतला. सायफिनने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे खाली टेबलाकडे पाहत होते. मग तिने स्वतःचा हात वर केला.

"एक," आचान म्हणाले. "म्हणजे मी आकडा कमीच धरला म्हणायचा!"

सगळे हसले. मग टाळ्या झाल्या. सायफिनने हात खाली घेतला, चालत ताटापाशी जाऊन एक वडी उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. चांगली होती वडी.

पुढच्या आठवड्यात विभागाच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर त्या बैठकीत काढलेला फोटो आला. खोलीभर खाली घातलेल्या माना आणि त्यात सायफिनचा वर गेलेला हात. खाली छापलं होतं, 'विभागातील मोकळ्या वातावरणात प्रश्न विचारताना एक कनिष्ठ सहकारी.' अंक वाटला जात होता, तेव्हा सायफिन आपली पुस्तकं खोक्यात भरत होती. करारावर सही झाली नव्हती.

ती गेली, त्याच दुपारी पेटी उतरवायचं ठरलं. देखरेखीला पी नित उभ्या होत्या. शिपायाने कुलूप काढलं आणि झाकण उघडताच चिठ्ठ्या भसाभसा जमिनीवर पडल्या. पेटी ठासून भरलेली होती.

पी नितनी खाली बसून एकेक उघडली. 'सायफिन खरं बोलली. तिला काढू नका.' दुसरीतही तेच. तिसरीतही थोड्याफार फरकाने तेच. बैठकीला जितकी माणसं होती, जवळजवळ तितक्या चिठ्ठ्या. नाव कुणीच लिहिलं नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या सहवासाने पी नितना सगळ्यांची अक्षरं ओळखू येत होती. उपप्रमुखांचं अक्षर होतं. चष्मा घसरलेल्या व्याख्यात्याचं होतं. एक चिठ्ठी त्यांची स्वतःची होती.

मागून बुटांचा आवाज आला. पी नितनी सगळ्या चिठ्ठ्या आपल्या पिशवीत कोंबल्या आणि त्या कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

"काय निघालं गं पेटीत?" आचानांनी विचारलं.

"काहीच नाही, आचान," पी नित म्हणाल्या. "रिकामी होती."