दोन खाचांची मरळ

बायनाबाई गळ्यापर्यंत पाण्यात होती आणि तिच्या काखेत जिवंत मरळ होती. मरळ निसटायला बघत होती. बायनाबाई दातओठ खाऊन तिला म्हणत होती, "गप गं भवाने, आणखी जराशी."

भोवती लव्हाळं दाट होतं, म्हणून ती कुणाला दिसत नव्हती. समोरच्या खडकावर गोरा साहेब उभा होता. हैदराबादच्या कुण्या बड्या अंमलदाराचा पाहुणा. सिंदफणेच्या त्या आडरानातल्या डोहावर त्याचे तीन तंबू, एक खानसामा आणि एक पितळी घंगाळ आलं होतं. त्याला जाळं चालत नसे, गांडूळही चालत नसे. गळाला रंगीत पीस बांधायचं, ते पाण्यावर माशीसारखं नाचवायचं आणि माशानं ते आपखुशीनं खायचं, असा त्याचा रिवाज होता. डोहातल्या मरळींना बेडूक कळत होता, पीस कळत नव्हतं. दोन दिवस साहेबानं पीस नाचवलं आणि दोन दिवस मरळींनी तमाशा पाहिला.

डोहाची माहिती सांगायला साहेबाजवळ बायनाबाईचा नवरा शहादेव भोई उभा होता. तहसिलीचे पेशकार सुंदरराव आदल्या संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "काय बे शहादेव, साहेब रिकाम्या हातानं गेला तर हा डोह सिरसाळ्याच्या ठेकेदाराला जाईल. मग तुमची चौदा घरं वाळू खा."

वस्तीवरचे बाकीचे पुरुष तंबूच्या वेठीला जुंपलेले. दमदार बुडी मारणारी एकटी बायनाबाई उरली होती.

शहादेव खोकला. पीस बुडताच बायनाबाईनंही बुडी मारली, गळ धरला, मरळीच्या ओठात अडकवला आणि तिच्या ढुंगणावर चापट मारून तिला सोडून दिलं. साहेब आनंदानं किंचाळला. अर्धी घटका तो मरळीशी झुंजला. अशा तीन मरळी त्यानं दुपारपर्यंत जिंकल्या. तिसरीच्या वेळी बायनाबाईला पाण्यातच हसू फुटलं आणि नाकात पाणी गेलं.

पण साहेबाला माशांची विद्याही होती. त्यानं तिन्ही मरळी ओळीनं मांडल्या, भिंगातून पाहिल्या आणि टोपी हवेत उडवली. तिन्हींच्या शेपटीला दोन-दोन खाचा होत्या, अगदी एकसारख्या. अशी मरळ त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

असणार कशी? वस्तीवरची माणसं धरलेल्या मरळी बाजाराच्या दिवसापर्यंत काठच्या एकाच डबऱ्यात जिवंत ठेवत. कुणाची कुठली यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जाळ्यातून काढतानाच जो तो आपल्या मरळीच्या शेपटीला विळ्यानं खूण करी. दोन खाचा ही शहादेवच्या घरची खूण होती.

हे सांगावं तर साहेबाला फसवल्याचा गुन्हा. शहादेवनंही साहेबाबरोबर आश्चर्य केलं.

साहेब गेला. आठव्या दिवशी हुकूम आला. ही मरळ जगात याच डोहात आहे, तिची जात टिकावी म्हणून इथं जाळं टाकण्यास सक्त मनाई. डोह ठेकेदाराला गेला नाही, हे खरं. तो कुणाचाच राहिला नाही.

ते वर्ष चौदा घरांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माणसं दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला गेली, बायका गवऱ्या विकत हिंडल्या. शेजारची सावित्रीबाई येता-जाता ऐकवायची, "आमची एकच खाच हाय बाई. आमची मरळ लावली आसती तर सायबानं वर मान करूनबी पाह्यलं नसतं."

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आला. बरोबर दोन विद्वान साहेब, त्यांना ती नवलाची जात दाखवायची होती. या खेपेला त्यानं स्वतःच जाळं आणलं होतं, विद्येसाठी म्हणून. चार दिवसांत साठ मरळी निघाल्या. साठच्या साठ शेपट्या धड. पाहुणे एकमेकांकडे बघून खोकायला लागले. साहेब आधी लाल झाला, मग पांढरा.

सुंदररावांनी शहादेवची मानगूट धरली. "जात कुठं गेली बे? चोरून खाल्ली का तुम्ही?"

तेव्हा बायनाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं आली.

"त्येंना सोडा, रावसाहेब. देवाशपथ खरं सांगते. आमी जाळं टाकत व्हतो तवर ही मरळ व्हती. तुमी जाळं बंद केलं अन् ती गेली."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? जाळ्याबिगर ती व्हतच न्हाई."

सुंदररावांनी ते शब्दाला शब्द साहेबाला सांगितलं. साहेबानं खडकावर बसून दोन्ही विद्वानांना जवळ बोलावलं. तिघं संध्याकाळपर्यंत बोलले, आणि उठले तेव्हा तिघांचेही चेहरे उजळले होते.

नवा हुकूम महिन्याभरात आला. जाळ्याच्या धाकावरच या जातीची पैदास होते असं तज्ज्ञांच्या नजरेस आल्यावरून, वस्तीवरील चौदाही घरांनी या डोहात रोज जाळं टाकावं, कसूर करील त्यास दंड.

"बया!" सावित्रीबाई म्हणाली. "आता तापानं फणफणलं तरी सुट्टी न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, दंडाला भिऊन, चौदा घरं जाळी आणि विळे घेऊन डोहात उतरली आणि उन्हं वर यायच्या आत ती नामशेष झालेली जात परत आली.