बाराचं ताट

"कापावं लागेल," सर्जन म्हणाले. त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि खालच्या भागावर तिरकी रेघ ओढली. "गोळ्यांचे तीन कोर्स झाले, अल्सर हटायला तयार नाही. आता रक्तही जायला लागलंय."

बेकरीवाल्यांची थोरली सून मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

"ऑपरेशन नको," ती म्हणाली.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. गेला महिनाभर तो हेच ऐकत होता.

पंधरा वर्षं तिने बेकरीचं काउंटर सांभाळलं. घरातले सगळे पाळीपाळीने वर जेवायला जात. तिची पाळी चारला यायची, तीही गिऱ्हाईक नसलं तर. मग भांड्याच्या तळाशी उरलेलं उभ्याउभ्या पोटात ढकलायचं. अल्सर निघाला आणि सुनेला भाव आला. डॉक्टरांनी दटावलं होतं, हिला बारा वाजता गरम जेवण, तेही बसून, आणि डोक्याला ताप नको. बाराच्या ठोक्याला सासूबाई स्वतः काउंटरवर उभ्या राहू लागल्या. दीर आवाज चढवेनासा झाला. नवरा तर चक्क "जेवलीस का?" असं विचारू लागला. पोटात आग पडायची, ती कळवळायची. पण त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला जमेत धरत होतं. काल मात्र रक्त पाहून तीही हबकली होती.

"घाबरू नका," सर्जन म्हणाले. "तीन-चार महिन्यांत पथ्यसुद्धा सुटेल."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "ऐकलंस ना? मग सगळं अगदी पहिल्यासारखं!"

पहिल्यासारखं! पोटातली आग थेट मस्तकात गेली. तिने पिशवीतून यीस्टचा जुना डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग पडला. तिन्ही कोर्स, एकही गोळी काढलेली नाही.

"अहो बाई, जीव गेला असता!" सर्जन ओरडले.

"म्हणून तर घेऊन आले. आता घेते."

तिने एक गोळी फोडली, टेबलावरच्या पाण्याबरोबर गिळली आणि सासूबाईंकडे वळली.

"आई, अल्सर गेला तरी बाराचं ताट जायचं नाही. गेलंच, तर अल्सर परत कसा आणायचा ते मला ठाऊक आहे."