दादांचा बेस

ऐक, आणि मध्ये तोंड घालू नकोस, माझी लिंक तुटते. तर रविवारची सकाळ, गॅरेजचं शटर अर्धं खाली, आणि चष्मेवाला आपल्या पिशवीची चेन इतकी हळू उघडतोय की बाकीचे दोघे वैतागलेत.

हे तिघे बेसवेडे. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार रे. वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, आणि थांबली की गाणं लंगडं होतं. कुणाला जुना, विचित्र बेस मिळाला की तो इथे आणायचा आणि कौतुक करून घ्यायचं. गॅरेजवाल्याने मानेवर पट्ट्याच नसलेला आणला होता. मास्तरांनी डोकंच नसलेला. त्यावरून जे बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

चष्मेवाल्याचा बेस बाहेर आला आणि दोघं पुढे सरकले.

तो दादांचा बेस होता. फर्निचरवाले दादा, ह्या टोळीतले थोरले, नुकतेच गेले. मधासारखा रंग, जिथे हात टेकतो तिथे घासून घासून उडालेला. दादांनी त्याचा एक स्क्रू कधी कुणाला काढू दिला नाही. माझ्या लेकीचं पोट फाडायचं नाही, म्हणायचे.

"वहिनींनी तुला दिला?" मास्तर म्हणाले. "मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, सोनं आहे, जपून ठेवा."

"मीही तेच सांगितलं," गॅरेजवाला म्हणाला. "तू काय म्हणालास?"

"जे आहे ते." आणि चष्मेवाला तारा पुसायला लागला.

काय म्हणाला होता ते त्याचं त्याला ठाऊक. वहिनी घर आवरून बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. भिंतीवरचा बेस काढून त्यांनी ह्याच्यापुढे ठेवला. भावजी, तुमची नजर पक्की, तुम्हीच सांगा ह्याचं काय करू. ह्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं, आणि त्याच तोंडातून निघालं, साधं लाकूड आहे वहिनी, कुणी हातही लावणार नाही.  वहिनी म्हणाल्या, तर मग तुम्हीच घेऊन जा. वर पिशवी दिली, चहा दिला. चहा काही घशाखाली उतरला नाही. बेस मात्र खांद्यावर चढला.

तेवढ्यात गॅरेजवाल्याने स्क्रूड्रायव्हर काढला. आता तरी आत बघू दे की, लेका. हा नको नको म्हणेपर्यंत मागचं झाकण निघालंसुद्धा.

आत प्लायवूड. कपाटाच्या दाराला असतात ना, तसे एकावर एक चिकटवलेले पातळ थर. अस्सल बेस अखंड लाकडाचा असतो. ही नक्कल होती, पार नक्कल.

गॅरेजवाला हसत सुटला. मास्तरांनी ह्याच्या पाठीवर थाप मारली. 'जे आहे ते' म्हणजे हे सांगितलंस होय वहिनींना! नजर म्हणतात ती ही, आम्ही आपले सोनं सोनं करत बसलो. आणि हा मान खाली घालून उभा. कान तापलेले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पण शाबासकी कुठे ठेवायची?

त्याने बेस पिशवीत घातला आणि थेट वहिनींकडे निघाला. वाटभर एकच घोकत होता, वहिनी, मला तो अस्सल वाटला होता, म्हणून मी तुम्हाला फसवलं. प्लायवूड निघालं म्हणून काय झालं? खिसा कापला आणि पाकीट रिकामं निघालं, तर चोराचा साव होतो का?

वहिनी खोकी बांधत होत्या. ह्याने बेस भिंतीला टेकवला.

"वहिनी, मला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका, भावजी. बसा तुम्ही."

त्या आत गेल्या. आल्या त्या दोन्ही हातांनी एक बेस सावरत. तोच मधाचा रंग, पण ह्याच्या मांडीवर ठेवला आणि त्या वजनानेच ह्याला कळलं.

"खरा हा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नेलात तो ह्यांनी स्वतः बनवला होता, बाहेर वाजवायला. जाताना मला म्हणाले, त्या नकलेबद्दल सगळ्यांना विचार. तुझं मन राखायला लोक सोनं म्हणतील. जो तोंडावर साधं लाकूड म्हणेल, त्यालाच हा दे. भावजी, एकटे तुम्हीच खरं बोललात."

तारांवर हात ठेवून बसलाय तो, कबुली अजून ओठांवर, आणि समोर वहिनी डोळे पुसतायत. सांग, तू काय केलं असतंस?