शेवटची पट्टी

उसावर औषध फवारल्यानंतर अंगावर पुरळ उठलं म्हणून कोरेगावचे लालासाहेब सांगलीच्या दवाखान्यात पालथे झोपले होते. डॉक्टर संयोगिता त्यांच्या पाठीवरच्या ॲलर्जी तपासणीच्या पट्ट्या काढत होती. प्रत्येक पट्टीखाली फवारणीतलं एकेक औषध होतं. फक्त शेवटच्या पट्टीखाली तुलनेसाठी नुसतं व्हॅसलीन होतं.

बाकी सगळीकडे कातडी स्वच्छ निघाली.

“मॅडम, त्या शेवटच्या पट्टीखाली लय वळवळतंय,” लालासाहेब म्हणाले.

ती पट्टी लाळ लागल्यासारखी बुळबुळीत झाली होती. खालची कातडी गुलाबी, ओली, खरखरीत दाण्यांची होती. संयोगिता खाली वाकली. तिनं हातमोज्यातलं बोट हळूच टेकवलं.

कातडी वर उचलली गेली आणि बोटावरून सावकाश फिरली.

“शी!” लालासाहेब उशीवर थुंकले. “मॅडम, तुमचा हातमोजा लय कडू हाय.”