बाळंतिणीचे लाडू

लाडवांचा डबा तळाला गेला होता, आणि सुवर्णाला बाळंत होऊन अजून पंधरवडाही झाला नव्हता. तिच्या आईने, नवसाबाईंनी, डबा खिडकीच्या उजेडात धरला, आत पाहिलं आणि एकदम लताबाईंकडे पाहिलं.

लताबाई नुकत्याच न्हाणीतून बाहेर आल्या होत्या. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला त्या रोज सकाळी मळ्यात येत.

"लताबाय, तुमची पिशवी दाखवा बरं जरा."

"काय झालं वयनी?"

"दाखवा म्हणते ना. दिवसाला दोन लाडू खाते माझी पोरगी. बाकीचे काय उंदरानं नेले, परत झाकण लावून?"

लताबाईंनी पिशवी पुढे केली. नवसाबाईंनी ती हातातून घेऊन खाली झटकली. एक जुनं लुगडं पडलं, तेलाची बाटली पडली, फडक्यातली भाकरी सुटून फरशीवर आली. लाडवाचा कणही नव्हता.

"आज नाय नेला म्हणून रोज नेत नव्हत्या असं थोडंच हाय?" नवसाबाई म्हणाल्या. "उद्यापासून नका येऊ."

ओसरीवर सुवर्णाचे वडील, सावळीराम अण्णा, बसले होते. उघड्या दारातून त्यांना सगळं दिसत होतं.

लाडू त्यांनीच खाल्ले होते. रोज याच वेळेला, सगळ्या बाया न्हाणीत असताना. एक ना दोन, कधी चार-चार, उभ्या उभ्या, धड न चावता. मळ्यातली काकडी कुणी न विचारता तोडली तर त्याच्या सात पिढ्या उद्धरणारा हा माणूस.

संधिवाताच्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून ही भूक पोटात ठाण मांडून बसली होती. नाशकातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "भूक फार लागेल, अण्णा. तोंड सुजेल. पण गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, जिवावर बेतेल. दर आठवड्याला अर्धी-अर्धी कमी करत आणू. भूकही तशीच उतरेल." आठ गोळ्यांच्या आता पाच झाल्या होत्या. भूक मात्र तसूभर हलली नव्हती. गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "छे, बेताचीच हाय." बासष्ट वर्षांच्या माणसाने काय सांगायचं? बाळंत लेकीच्या तोंडचा घास चोरतो म्हणून?

घरात त्यांचा संशय कुणाला येणं शक्यच नव्हतं. झाकण इतकं घट्ट, की नवसाबाईंनाही उलथन्याचा दांडा घालावा लागे. आणि अण्णांना तर सहा महिने पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. गोळ्यांनी बोटं मोकळी झाली होती, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. सदऱ्याची बटणं ते अजून बायकोकडूनच लावून घेत.

लताबाई खाली बसून भाकरी फडक्यात बांधत होत्या. चटणी फरशीवर सांडली होती, ती बोटाने टिपत होत्या. आतल्या खोलीतून सुवर्णा म्हणाली, "आई, जाऊ दे ना गं."

अण्णा उठले. आत आले, नवसाबाईंच्या हातातून डबा घेतला, झाकण दाबून बसवलं आणि एका झटक्यात पुन्हा उघडलं.

"मी खाल्ले," ते म्हणाले.

नवसाबाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग गोल झालेल्या तोंडाकडे. परवाच त्यांनी एसटीडी बूथवरून निफाडला व्याह्यांना मोठ्या कौतुकाने कळवलं होतं, की आमच्या यांना औषध लय मानवलं, चांगलं अंग धरलंय. दाराशी आलेल्या सुवर्णाने बाळाला जवळ घेतलं आणि ती तशीच आत वळली. तिला बापाकडे बघवेना.

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळ्यांचं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठीही खिशातच होती. पण कोणत्या तोंडाने सांगणार? भूक गोळ्यांनी लावली होती. गप्प बसायला गोळ्यांनी सांगितलं नव्हतं.

"लताबाय, चुकलं माझं," नवसाबाई म्हणाल्या. "राग धरू नका. या उद्या."

"येईन ना वयनी. सव्वा महिना व्हायचाय अजून, पोरीला मधेच कशी टाकू?" लताबाईंनी पिशवीला गाठ मारली. मग त्या अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "लाडवाचं काय नाय, अण्णा. भूक कुणाला चुकली? पण माझी पिशवी झटकली, तवा तुमी बघत होते."

त्या गेल्या. अण्णा परत ओसरीवर जाऊन बसले. आज अन्नाला शिवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुपारी नवसाबाईंनी ताट आणून समोर ठेवलं आणि आत गेल्या. दोन भाकरी, वांग्याची भाजी, फोडलेला कांदा. रोज त्या जवळ बसून वाढत.

अण्णा ताटाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, तरी हात भाकरीकडे गेलाच. बघता बघता ताट रिकामं झालं.

आतून कसलीच चाहूल येईना. बोटं चाटून झाली, ताट पुसून झालं. मग मान वर न करता, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणखी एक भाकर दे."